पाचव्या पंचाचा चिंचोका

काहीही मोजायला बसायचे म्हटले की पंतोजी आधी पागोटे काढून ठेवत, मग अंगरखा उतरवत. शेंडीची गाठ सोडून केस सगळ्यांसमोर झटकत. धोतर गुडघ्यांच्या वर खोचत. ऐन थंडीतही ते असेच उघड्या अंगाने बसत, दोन्ही तळवे पालथे-उताणे करून दाखवत आणि म्हणत, "बघून घ्या. मागाहून बघितलं नव्हतं म्हणू नका." आमच्या बुधवार पेठेत त्यांना सगळे उघडे पंतोजी म्हणत, तोंडावरसुद्धा म्हणत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. "झाकलेल्या माणसापेक्षा बरा," एवढेच ते बोलत.

मी त्यांच्याकडे शिकलो आणि पुढे वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांच्याच शिफारशीवरून पेठेच्या महाजनांकडे कारकून म्हणून लागलो. आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. पंतोजींविषयी चार शब्द लिहून ठेवावेत असे अनेकदा मनात आले आणि दर वेळी बोरू खाली ठेवला, कारण त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर स्वतःविषयीही खरे लिहावे लागेल. आज तेही लिहितो.

त्यांची शाळा एका सराफाच्या ओसरीवर भरे. पाढे, पावकी, निमकी सगळीकडे असते तशीच होती, पण त्यांचा एक धडा दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हता. समोर आंब्यांची पाटी ठेवत आणि एखाद्याला विचारत, "ही राखायला तुला बसवलंय. आता तूच चोर आहेस. आंबा कसा नेशील?" पोरे हिरिरीने एकेक युक्ती सांगत. पंतोजी प्रत्येक युक्तीवर मान डोलावत आणि मग ती बंद कशी करायची ते आमच्याकडूनच काढून घेत. एका पालकाने तक्रार केली की तुम्ही मुलांना चोऱ्या शिकवता. पंतोजी म्हणाले, "ते घरून शिकून येतात. मी फक्त मोठ्याने म्हणून घेतो."

संशय त्यांना सगळ्यांचाच येई आणि सर्वांत जास्त स्वतःचा. कोणतीही मोजणी ते दोनदा करत, दुसऱ्यांदा उलट्या टोकाकडून. दोन्ही वेळा आकडा जुळला तरी तिसऱ्या माणसाला बोलावत. मी एकदा म्हणालो, "पंतोजी, दोनदा जुळलं की." ते म्हणाले, "दोन्ही वेळा गाढव एकच होतं ना."

कात्रजहून नळाने येणारे पाणी आमच्या भागातल्या एका हौदात पडे आणि त्या हौदावर तीन वस्त्या जगत. साळ्यांच्या आळीची सत्याहत्तर घरे, तांबटांची पन्नास आणि ओढ्याकाठच्या फुलमाळ्यांची सतरा. कोणी कधी पाणी घ्यायचे ते पाच पंच ठरवत. हे पंच दर दोन वर्षांनी चावडीसमोर हात वर करून निवडले जात, एकेका जागेसाठी वेगळे हात. साळ्यांचे हात सर्वांत जास्त, म्हणून पाची वेळा साळीच निवडून येई. सकाळ-दुपारचे पाणी सूत धुण्याला आणि तांबटांच्या भट्ट्यांना जाई. माळ्यांची पाळी दिवेलागणीनंतरची. तेव्हा हौदात वितीएवढे पाणी आणि त्याखाली गाळ. माळ्यांचा म्होरक्या रखमाजी मूळचा लोणी काळभोरचा. तो चावडीवर येऊन म्हणाला, "बुडाचा गाळ आमी पितो आन् फुलं तुमच्या देवाला. देव तरी काय म्हनत आसंल?" दोन उन्हाळे त्यांची फुलझाडे जळाली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात वस्ती उठेल हे सर्वांना दिसत होते.

रखमाजीने वर अर्ज केला आणि वरून महाजनांना हुकूम आला की पुन्हा अशी तक्रार येणार नाही अशी रीत बसवा. महाजन स्वतः साळीच. त्यांनी पंतोजींना बोलावले. मला वाटते त्यांचा हिशेब असा होता की हा संशयी माणूस वर्षभर रीत बसवत बसेल आणि तोवर हुकूम जुना होईल.

पंतोजींनी अकरा दिवसांत रीत बसवली. त्या अकरा दिवसांत मी त्यांच्याजवळ होतो. ते स्वतःच चोर होत आणि स्वतःच पहारेकरी. हात वर करायचे नाहीत, कारण कोणाचा हात वर आहे ते सावकाराला आणि सासऱ्याला दिसते. म्हणून दर घराला एक चिंचोका द्यायचा. पडद्याआड तीन मडकी, तिन्ही वस्त्यांची एकेक. चिंचोका हव्या त्या मडक्यात टाकायचा. पण चोर पडद्याबाहेरून कोपराची हालचाल ओळखेल, म्हणून प्रत्येकाने हात तिन्ही मडक्यांत घालायचा आणि चिंचोका एकातच सोडायचा. चोर आवाज ऐकेल, म्हणून मडक्यांच्या बुडाशी कापूस. "अजून कुठून येईन मी?" असे पुटपुटत ते मडक्यांभोवती फिरत.

मी विचारले होते, "घरं तर मोजलेलीच आहेत. साळी साळ्यांनाच टाकणार. मग चिंचोके कशाला?"

"साळ्याच्या घरात जन्मला म्हणून त्याला तहानही साळ्यांचीच लागते का?" पंतोजी म्हणाले. "आळीच्या शेवटच्या घरांना पाणी पोचतं का, बघून ये एकदा."

मी बघून आलो नाही. मला ते शब्दांचे खेळ वाटले.

रीतीचा दुसरा भाग त्यांनी चावडीसमोर सगळ्यांना समजावला. पहिला पंच सर्वांत मोठ्या ढिगाला. ज्याला एक पंच मिळाला, त्याचा ढीग पुढच्या खेपेला अर्धा धरायचा. दोन मिळाले की तिसरा हिस्सा धरायचा. दर खेपेला तेव्हा जो मोठा ठरेल त्याला पंच, असे पाच होईपर्यंत.

साळ्यांच्यातला एक म्हातारा उठला. "अर्धा धरायचा म्हणजे? आमची अर्धी माणसं मेली का हो पंतोजी?"

"मेली नाहीत, जेवली," पंतोजी म्हणाले. "एक भाकरी खाल्लेल्याची भूक आणि उपाशी माणसाची भूक सारखीच कशी धरू? जेवलेल्याला दुसरी भाकरी द्यायची नाही असं मी म्हणत नाही. रांगेत जरा मागे उभा राहा म्हणतो."

"आणि ही भूक मोजणार कोण? आपणच?"

"मीच. म्हणून तर उघडा बसतो."

लोक हसले, पण संशय गेला नाही. मोजणीपूर्वीच्या आठवड्यात पेठेत कोणी कोणाशी सरळ बोलेना. कुठल्या साळ्याची बायको कुठल्या माळणीकडून वेणी घेते यावर नजर. तांबटांना वाटे हा साळ्यांचा डाव आहे, साळ्यांना वाटे तांबटांचा. महाजनांनी रीतीच्या कागदावर सही करताना पंतोजींना विचारले, "उद्या कोणी आपल्यावरच आळ घेतला तर?"

"तर मी बोलणार नाही. लिहा तसं. मोजणाऱ्याची साक्ष मोजणाऱ्याच्या बाजूने घ्यायची नाही," पंतोजी म्हणाले. "माणूस चांगला असेल तरच चालते अशी रीत मला नको. मोजायला लबाड बसला तरी चालली पाहिजे."

हे कलम मी माझ्या हाताने लिहिले. शेवटचा चिंचोका पडल्यावर मडक्यांना एकट्याने हात लावायचा नाही, हे कलमही माझ्याच हातचे.

मोजणीच्या दिवशी सकाळी आम्ही मडक्यांची परीक्षा घेतली. एक चिंचोका चुन्याने पांढरा केला होता, म्हणजे खऱ्यांत मिसळू नये. मी तो एकेका मडक्यात टाकायचा आणि पंतोजींनी पडद्याबाहेर कान देऊन उभे राहायचे. तिसरे मडके माळ्यांचे होते. त्यात मी तो टाकला. "ऐकू येत नाही," पंतोजी बाहेरून म्हणाले. "काढून ठेव, लोक यायला लागले." तेवढ्यात तांबटांच्या म्होरक्याने मला हाक मारली, मी बाहेर गेलो आणि चिंचोका काढायचा विसरलो.

दुपारपर्यंत एकशे चव्वेचाळीस घरांची माणसे येऊन गेली. मी बाहेर घरांच्या यादीवर खुणा करत होतो. शेवटचा माणूस गेल्यावर यादी घेऊन पडद्याकडे वळलो, तेव्हा फटीतून मला पंतोजी दिसले. एकटेच होते. त्यांचा हात कोपरापर्यंत माळ्यांच्या मडक्यात होता. हात बाहेर आला, मूठ मिटलेली होती, ती अंगरख्याच्या आतल्या खिशात जाऊन आली. मी दोन पावले मागे सरलो.

मग मडकी बाहेर आली, पंतोजींनी अंगरखा उतरवून माझ्याकडे धरायला दिला, केस झटकले, तळवे दाखवले. मोजणी दोन्ही टोकांकडून झाली. साळी सत्तर, तांबट पन्नास, माळी चोवीस. एकूण एकशे चव्वेचाळीस, घरांइतके बरोबर. पहिला पंच साळ्यांचा, दुसरा तांबटांचा, तिसरा साळ्यांच्या अर्ध्या ढिगाला, चौथा तांबटांच्या अर्ध्याला. पाचव्यासाठी साळ्यांच्या सत्तराचा तिसरा हिस्सा धरला. तेवीस आणि वर थोडे. माळ्यांचे चोवीस.

पाचवा पंच माळ्यांचा झाला. रखमाजी मटकन खालीच बसला.

सतरा घरांचे चोवीस चिंचोके कसे झाले, हा प्रश्न सर्वांच्या आधी महाजनांनी विचारला. सात साळ्यांनी आपली आळी सोडली हे त्यांना पटणे शक्य नव्हते. आणि हिशेब असा की एक चिंचोका जरी साळ्यांच्या मडक्यातून माळ्यांच्या मडक्यात गेला असेल, तरी तो परत फिरवल्यावर माळ्यांचे तेवीस उरत आणि पाचवा पंच साळ्यांकडे येई. महाजन मला बाजूला घेऊन म्हणाले, "सदाशिवपंत, आपण आत-बाहेर करत होता. काही दिसलं का?"

इथे मला स्वतःची बाजू मांडायची नाही. फक्त मनात काय होते ते लिहितो. गेले आठ दिवस माळ्यांकडून पंतोजींच्या देवाला रोज परडीभर फुले येत होती, ती मी पाहिली होती. त्यांनीच शिकवलेला धडा मी त्यांच्यावर लावला. पंतोजी चोर असते तर काय केले असते? मी म्हणालो, "त्यांचा हात माळ्यांच्या मडक्यात बघितला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर चौकशी ठरली. संध्याकाळी मी पंतोजींचा अंगरखा पोचवायला निघालो. गडबडीत तो माझ्याकडेच राहिला होता. घडी घालताना आतल्या खिशातून काहीतरी टणक माझ्या तळहातावर पडले. चुन्याने पांढरा केलेला चिंचोका.

मला सगळे कळले. मी विसरलो ते त्यांना शेवटी आठवले. चिंचोका मोजणीत निघाला असता तर सगळ्यांनी पहिल्यांदा माझी मान धरली असती. आयुष्यात एकदा त्यांनी आपलेच कलम मोडले होते, आणि ते माझ्यासाठी.

सकाळी महाजनांनी मला बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा हातात देऊन शपथ घातली. मी म्हणालो की पंतोजी एकटे होते आणि त्यांचा हात माळ्यांच्या मडक्यात होता. यातला शब्द न् शब्द खरा आहे. हात बाहेर कसा आला, मोकळा की मिटलेला, हे मला कोणी विचारले नाही. टाकणाऱ्याचा हात मोकळा येतो, काढणाऱ्याचा मिटलेला. मी मुठीचे सांगितले नाही. पांढरा चिंचोका तेव्हा माझ्या कनवटीला होता.

महाजनांनी साळ्यांकडे वळून विचारले, "आपल्यातल्या कोणी माळ्यांच्या मडक्यात टाकला असेल तर पुढे या." कोणी हलले नाही. सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते.

रखमाजी पंतोजींना म्हणाला, "अवो, तुमी तरी बोला की. त्या सातांना तरी हाक द्या."

"त्यांना कधीच विचारलं जाणार नाही, असं मी त्यांना सांगितलंय," पंतोजी म्हणाले. "आणि माझी साक्ष चालत नाही. कागदावर आहे. अक्षर चांगलं आहे, वाचता येईल."

असे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

रीत रद्द झाली. पुन्हा हात वर झाले, पुन्हा पाची पंच साळी. पंतोजींनी पेठेत यापुढे काही मोजू नये असे ठरले आणि महिन्याभरात ओसरीवरची पोरेही दुसरीकडे गेली. पुढच्या चैत्रात माळी लोणीला परतले. एका गाडीत पंतोजींचे सामान होते, धूळपाट्या आणि दोन घागरी. मी दोर बांधायला हात लावला. ते म्हणाले, "सदाशिव, जे दिसलं तेवढंच सांगितलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग झालं." आणि त्यांनी मी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

मला महाजनांनी हौदाच्या पाळ्या लिहिण्याचे काम दिले. ओढ्याकाठी माळ्यांच्या जागी दुसरी गरीब माणसे आली. पाळीच्या कागदावर त्यांच्यासमोर 'दिवेलागणीनंतर' हा शब्द बावीस वर्षे माझ्या अक्षरात लिहिला गेला. अंगरखा मी कोणाकडून तरी पोचवला होता. चिंचोका ठेवून घेतला. दर दसऱ्याला बोरू आणि दौत पुजताना तो डबीतून दिसे आणि मी डबी मिटत असे.

गेल्या माघात लोणीहून फुले घेऊन येणारी एक माळीण सहज बोलून गेली की गावच्या पाटाचे पंच उद्या मडक्यांनी निवडायचे आहेत, म्हणून ती येणार नाही. मी विचारले, मडक्यांनी कसे? तिने कापसासकट सांगितले. मी विचारले, पंतोजी आहेत का? ती म्हणाली, "अवो, त्यांना जाऊन वरीस झालं की. लई म्हातारं झालं हुतं."

मी दुसऱ्या दिवशी डबीतला चिंचोका कनवटीला लावून लोणीला गेलो. कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. पडदा, तीन मडकी, समोर तीन वस्त्यांची माणसे. रखमाजीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण त्याने मला ओळखले. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सुरुवातीला त्याने एक पांढरा चिंचोका वर धरून सर्वांना दाखवला आणि एकेका मडक्यात टाकून पुन्हा बाहेर काढू लागला. प्रत्येक वेळी दोन माणसे दोन बाजूंना उभी होती आणि पडदा बाजूला सारलेला होता.

"हे दोघं कशाला?" मी शेजारच्याला विचारले.

"पंतोजींनी घालून दिलंय. ह्ये काम एकट्यावर सोडायचं न्हाई म्हनायचे. एकटा मानूस इसरतो, मंग भितो, मंग गप ऱ्हातो. त्यात मानसाची चूक थोडी, रीत बसवनाऱ्याची जास्ती. आसं म्हनायचे."

मी तसाच पुढे झालो. कनवटीचा चिंचोका काढून रखमाजीच्या मडक्याशेजारी ठेवला आणि जे इथे लिहिले आहे ते सगळे तिथे उभ्याने सांगितले. पहिल्यांदा. रखमाजीने तो जुना चिंचोका उचलला, चुना पार पिवळा पडला होता, नखाने खरवडून पाहिला आणि परत ठेवला.

"माझी फुलझाडं तिकडंच जळाली," तो म्हणाला. "ती काय आता येत न्हाईत."

"नाही," मी म्हणालो.

त्याने पडदा सोडला. लोक एकेक करून आत गेले, हात तिन्ही मडक्यांत घालून आले. दुपार कलली. मी तिथेच उभा होतो. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर रखमाजी म्हणाला, "मोजनारा परका लागतो. तिन्ही वस्त्यांतला चालत न्हाई. तुमी बसा."

मला वाटले तो थट्टा करतो आहे. "रखमाजी, आत्ताच ऐकलंत ना मी काय केलं ते? आणि मला बसवता?"

"लबाड बसला तरी चालंल, आशी रीत हाय ही," रखमाजी म्हणाला. "आन् दोगं हायेत की तुमच्यावर नजर ठेवाया. काढा अंगरखा."

वारा गार होता. मी पागोटे काढून ठेवले, अंगरखा उतरवला, शेंडीची गाठ सोडली आणि दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले.